न पिकलेला काटा

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. बायकोला माहीत नाही, मुलीला माहीत नाही. रोज सकाळी देवापुढं बसतो, तिथंही बाकीचं सगळं बोलतो आणि एवढं वगळतो — जणू देवाला ते ठाऊक नसेल. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. बहुतेक म्हणूनच तुमच्यापुढं सांगवतंय.

मी विज्ञानाचा मास्तर. भोरमधल्या एका शाळेत शिकवत आलो, आता निवृत्तीला टेकलोय. अवघड गोष्ट आली की आधी पार्श्वभूमी सांगत बसायची माझी खोड आहे. पोरं माघारी म्हणतात, सर मुद्द्यावर येईस्तोवर घंटा होते. इथं घंटा व्हायची नाही, तेव्हा सुटका नाही. तरी थोडं फिरून येऊ द्या — सरळ तिथं जायला पाय उचलत नाही.

आमचं मूळ गाव गुंजवणे, राजगडाच्या पायथ्याशी. मी शाळेत असतानाच आई-वडील गेले. माझ्याहून बराच मोठा असलेला दादा आणि नुकत्याच लग्न होऊन आलेल्या वहिनी, या दोघांनी मला वाढवलं. दादानं भातशेती धरली आणि मला भोरला शिकायला ठेवलं. धरणात आमची चांगली खाचरं गेली, तेव्हाही 'तुजं शिक्षन थांबायचं न्हाई' एवढंच तो म्हणाला होता. त्याचा मोठेपणा गायला हे सांगत नाही. मी कुणाचं काय केलं ते तुम्हाला नीट कळावं, म्हणून सांगतोय.

वहिनींबद्दलही एक गोष्ट आधी सांगायला हवी. त्यांच्या हाताला गुण होता. आमच्याकडं अनवाणी बांधावर, रानात हिंडणारी माणसं. काटा मोडणं रोजचंच. वर दिसणारा काटा कुणीही काढतो. आत खोल मोडलेला काटा घेऊन लोक वहिनींकडं यायचे, पार वरच्या वाडीवरूनसुद्धा. वहिनी सुईनं उकरत बसायच्या नाहीत. गूळ-हळद गरम करून लावायच्या, वर तेल लावून शेकलेलं रुईचं पान बांधायच्या आणि म्हणायच्या, 'पिकू दे.' दोन-चार दिवसांत जागा लाल व्हायची, ठणकायची, पू धरायची आणि त्या पुवाबरोबर काटा आपण होऊन वर यायचा. मग वहिनी तो दोन नखांत धरून काढायच्या आणि ज्याचा त्याला तळहातावर ठेवून दाखवायच्या. लहानपणी माझेही कितीतरी काटे त्यांनी असे दाखवले होते.

यात जादू काही नाही. पुढं शिकवायला लागलो तेव्हा कळलं — पू म्हणजे बहुतेक मेलेल्या पांढऱ्या पेशीच. जखम झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडं धावतात, रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, फटीतून बाहेर पडतात, जंतूंना गिळतात आणि तिथंच मरतात. लाली, सूज, ठणका, सगळी त्यांच्याच येण्याची गडबड. वहिनी त्यांचीच वाट बघत बसायच्या, फक्त त्यांना नाव ठाऊक नव्हतं. हा धडा मी फार रंगवून शिकवायचो. फळ्यावर रंगीत खडूनं रक्तवाहिनी काढायची, पेशी धावत निघाल्याचे बाण काढायचे. त्या धड्याचा मला अभिमान होता.

मग दादाची मूत्रपिंडं गेली. रक्तदाब कुणी कधी मोजलाच नव्हता. कळलं तेव्हा पायावर सूज आणि तोंडाला जेवण नको, इथवर आलं होतं. हायवेवरच्या एका दवाखान्यात आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. वहिनी त्याला प्रवासी भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं चेलाडी फाट्यापर्यंत आणायच्या, तिथून पुढं माझी मोटारसायकल. वहिनी फाट्यावर एका दुकानाच्या ओट्यावर आम्ही परत येईपर्यंत बसून राहायच्या. तुम्ही दवाखान्यात येऊन काय करणार, असं मीच त्यांना म्हणालो होतो.

मी शाळेत अर्धी रजा टाकायचो, तास बदलून घ्यायचो. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. ते ऐकायला मला आवडायचं. आणि त्याच वेळी आतून मी कंटाळलो होतो. दादाला नाही, दादाच्या आजाराला — असं म्हणायची सोय आहे. पण माणूस आणि आजार असा वेगळा काढता येतो का? माझ्या खांद्यावर हात ठेवून मागं बसलेला, दर महिन्याला हलका होत चाललेला तो दादाच होता.

एकदा दादा यंत्रावर असताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बोलावलं. 'तुम्ही विज्ञान शिकवता, तुम्हाला लवकर समजेल,' म्हणाल्या. मी खुललो. त्यांनी सांगितलं ते असं. मूत्रपिंडं बंद पडली की रक्तात जी घाण साचते, तिनं पांढऱ्या पेशीही बिघडतात. मोजायला गेलं तर त्या पुरेशा भरतात, पण जखमेची हाक आली तरी नीट पोचत नाहीत. 'तुमच्याकडच्या एसटीसारखं आहे सर. गाडी रस्त्यानं जाते, पण फाट्यावर थांबतच नाही.' म्हणून दादाला काही लागलं, खुपलं, तर लाली, ताप, पू यांची वाट बघायची नाही. जखम गप्प दिसली म्हणजे ती बरी आहे असं धरायचं नाही. तसंच उठून घेऊन यायचं. 'घरी सगळ्यांना हे समजावून सांगा,' त्या म्हणाल्या. 'वहिनींना तर नक्की सांगा.'

मी सांगितलं नाही.

विसरलो असं म्हणता येईल, पण विसरलो नव्हतो. त्याच दिवशी फाट्यावर वहिनींनी विचारलं होतं, 'काय म्हनल्या डाक्टरीनबाई?' मी म्हणालो, 'काही नाही, नेहमीचंच.' का? अंगठा उठवणाऱ्या बाईला मी पेशी काय समजावणार, असं वाटलं. तेवढंच नाही — डॉक्टरांनी मला बरोबरीनं काही सांगितलं होतं, ते माझ्याजवळच राहावं असंही कुठंतरी वाटलं असेल. दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गाला मात्र मी ते एसटीसकट सांगितलं. पोरं हसली. शाळेतल्या पोरांना जे सांगितलं, ते ज्या घरात त्याची गरज होती तिथं सांगितलं नाही.

तुम्हाला वाटेल, झालं, हाच तो गुन्हा. नाही. एवढाच असता तर मी बायकोला कधीच सांगून मोकळा झालो असतो.

त्या वर्षी भोरमध्ये आम्ही घर घेतलं, दुसऱ्या मजल्यावर. मार्गशीर्षातला एक रविवार वास्तुशांतीला धरला. पत्रिका वाटून झाल्या, आचारी ठरला, शाळेतली सगळी मंडळी यायची होती. आई-वडील नाहीत, म्हणून कलश घेऊन दादा-वहिनींनी आधी घरात पाऊल टाकायचं असं मीच ठरवलं होतं. दादाला ते सांगितलं तेव्हा त्यानं अंगावरच्या जुन्या धोतराचा सोगा हातात धरून बघितला. मग म्हणाला, 'नवं धोतर घ्याया लागंल.'

त्याच सुमारास गावाकडं भाताची झोडणी उरकली होती. पेंढ्याच्या गंजीला जनावरांनी तोंड लावू नये म्हणून दादा भोवतीनं काटेरी फांद्या लावत होता. नको म्हटलं तरी त्याचे हात स्वस्थ बसायचे नाहीत. बाभळीचा काटा पायात गेला आणि आत मोडला. उजव्या पायात. वहिनींनी गूळ-हळद लावली, रुईचं पान बांधलं आणि नेहमीचं म्हणाल्या — 'पिकू दे.'

पुढच्या डायलिसिसला फाट्यावर भेटलो तेव्हा वहिनींनी दादाला ओट्यावर बसवलं आणि माझ्यापुढं पान सोडलं. तो पाय मला आत्ताही दिसतो. तळव्याला मधोमध एक काळा ठिपका. भोवती थोडी सूज, तीही फिकी, पाण्यात भिजल्यासारखी. लाली नाही. वहिनी म्हणाल्या, 'भावजी, इतकं दिस झालं, पिकंनाच वो ह्ये. मला तर वाटतंय काटा आत ऱ्हायलाच नसंल. तुमी काय म्हनता? दाकवायचा का दवाखान्यात?'

बघा — त्यांनी विचारलं होतं. त्यांना उलटं वाटत होतं, पण विचारायला त्या चुकल्या नाहीत. आणि मला? मला त्या क्षणी सगळं आठवलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा, फाटा, न थांबणारी एसटी, सगळं. मी उभाही फाट्यावरच होतो. हा पाय गप्प आहे तो बरा आहे म्हणून नाही, हे मला कळलं. कळलं म्हणजे शंका आली असं नव्हे — कळलं.

आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं कळलं. पाय दाखवला तर दादाला भरती करतील. रविवार हुकेल. मुहूर्त, आचारी, वाटलेल्या पत्रिका, हेडमास्तरांच्या बायकोला कौतुकानं केलेलं आमंत्रण.

मी म्हणालो, 'ताप नाही, लाली नाही. नसेलच आत काटा. बांधा परत पान.'

मुद्द्यावर आलो म्हणावं, तर अजून पुढं आहे. दवाखान्यात यंत्र लावण्याआधी सिस्टर दर वेळी विचारायच्या — ताप आला का, कुठं लागलं का, काही खुपलं का? त्या दिवशीही त्यांनी विचारलं. दादानं तोंड उघडलं. त्याच्या आधी मी म्हणालो, 'नाही, काही नाही.' दादानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. लहानपणी मी शेजाऱ्याच्या पेरूला हात घालताना त्याला दिसलो, की जसं बघायचा तसं. मग त्यानं पायावर चादर ओढून घेतली. धाकट्याच्या घराला आपल्यामुळं अडथळा नको, एवढंच त्याच्या मनात आलं असणार. माझ्या खोट्यात मी त्यालाही ओढलं, आणि तो मुकाट्यानं आला.

रविवारी दादा आला. नवं धोतर, डोक्याला फेटा. तोंड पांढरं पडलेलं. जिना चढताना तो प्रत्येक पायरीवर थांबत होता. पायाला पान आणि त्यावर वहिनींच्या जुन्या लुगड्याची चिंधी. वर शाळेतली मंडळी जमलेली. मला ती चिंधी — सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो — मला तिची लाज वाटली. मी वहिनींच्या कानात म्हणालो, 'एवढ्यापुरतं सोडा ते.' वहिनींनी जिन्यातच बसून चिंधी सोडली आणि पान घडी करून पिशवीत ठेवलं.

गृहप्रवेशाला उजवं पाऊल आधी टाकायचं असतं. दादानं हातात कलश धरला, उंबरा ओलांडला आणि उजवा पाय माझ्या नव्या फरशीवर टाकला. सगळा भार त्या पायावर घेतला. लोकांनी अक्षता टाकल्या. त्याचं तोंड मी बघितलं नाही, कारण मी फोटोवाल्याला कुठं उभं राहायचं ते सांगत होतो. नंतर दादा पूजा संपेपर्यंत मांडी घालून बसला. कुणीतरी पायाचं विचारलं, तर म्हणाला, 'पाय काय न्हाई, वयाचं दुकनं.'

पुढच्या डायलिसिसला तो गुंगीत होता. अंग गार. ताप तेव्हाही नव्हता. घोट्याच्या वर कातडी काळीनिळी झाली होती. यंत्र लावल्या लावल्या रक्तदाब कोसळला आणि तिथून त्याला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथं पाय उघडला. डॉक्टर म्हणाले, पू म्हणावा असा नव्हताच. गढूळ पाणी आणि आत मोडलेला काटा. विष पार वरपर्यंत गेलं होतं. दादा पुन्हा शुद्धीवर आला नाही.

आता ते सांगतो.

दादा अजून आत होता. बाहेर मी, वहिनी आणि त्यांचा मुलगा विकास. विकास शिरवळकडच्या एका कंपनीत कामाला. ड्यूटी सोडून तसाच आला होता. एक तरुण डॉक्टर बाहेर आला, वैतागलेला. पायाला काय बांधलं होतं, म्हणाला. वहिनींनी सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला आणि माझ्याकडं वळला, कारण शर्टाला पेन लावलेला मीच होतो. 'डायलिसिसच्या रुग्णाचं असं अंगावर काढायचं नसतं, हे तुम्हाला तिथं कुणी सांगितलं नव्हतं?'

मी म्हणालो, 'सांगितलं होतं. मी घरी सगळं समजावून सांगितलं होतं. पण खेड्यातली माणसं, डॉक्टर. ऐकत नाहीत.'

वहिनी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. हातात तीच पिशवी, तिच्यात दादाचा शर्ट. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तोंड मिटलं. विकासनं आईकडं बघितलं. तो ज्या नजरेनं बघत होता ती माझ्या वाटणीची होती — मी ती सरळ त्यांच्या वाट्याला लावून दिली.

मी घाबरलो होतो, भाऊ मरत होता, तोंडून निघून गेलं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण तोंडून निघालेलं माघारी घेता येत नव्हतं का? दहाव्याला नदीवर भावकी जमली, पाल्यानं माणूस घालवला अशी कुजबुज माझ्यासमोर झाली, तेव्हा मी घाबरलेला नव्हतो. विकासनं आईशी बोलणं टाकलं, घरात एका ताटाला बसणं टाकलं, तेव्हा तर मी शांतपणे त्याची समजूत घालत होतो — 'जाऊ दे रे, अडाणी आहेत त्या, मुद्दाम केलं का?' असं म्हणायचो मी. मोठ्या मनानं. दर खेपेला तेच खोटं पुन्हा बोलत होतो.

वहिनींकडं काटा घेऊन येणं लोकांनी सोडलं. परसातली रुई विकासनं मुळासकट उपटली. त्याला मुलगी झाली, ती रांगायला लागली, चालायला लागली. एकदा मी गेलो असताना तिच्या पायात काटा रुतला, अगदी वरच, दिसत होता. पोर रडत आजीकडं धावली. वहिनींनी हात पुढं केले आणि मागं घेतले. म्हणाल्या, 'आज्याकडं जा. त्यास्नी कळतंय.' मी काटा काढला. पोरीनं तळहात पुढं केला, तर मी तो काटा बाहेर टाकून दिला.

शाळेत पांढऱ्या पेशींचा धडा आला की मी हल्ली 'घरी वाचून या' म्हणतो. एवढीच काय ती शिक्षा मी स्वतःला केली. हलकीच म्हणायची.

माझी एक समजूत होती, आणि तिच्यावर मी इतकी वर्षं काढली. मला वाटायचं, वहिनींना सगळं ठाऊक आहे. त्यांनी ओठ मिटले ते माझी अब्रू राखायला, दीर म्हणून, हातानं भरवलेला पोर म्हणून. त्या मला मनातून धिक्कारत असतील, आणि ते योग्यच आहे. या धिक्काराचा मला विचित्र आधार होता — निदान एका माणसाला तरी खरं माहीत आहे.

यंदा पितृपक्षात दादाच्या तिथीला गेलो होतो. जेवणं झाली, विकास बाहेर गेला. वहिनी पडवीत बसल्या होत्या, आता खूप थकल्यात. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, 'भावजी, एक बोलू का? मी लई इचार केला. तुमी सांगितलं असंलच. तुमी शिकलेलं, तुमी कसं इसरनार. माज्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई. म्या त्यास्नी घालवलं.'

समजलं ना तुम्हाला? त्या गप्प बसल्या होत्या त्या मला वाचवायला नाही. त्या इतकी वर्षं आठवत बसल्या होत्या. मी कधी सांगितलं, कुठं सांगितलं, आपण तेव्हा काय करत होतो — शोधत बसल्या होत्या आणि सापडत नव्हतं. फाट्यावर त्यांनी मला विचारलं होतं, मी पान परत बांधायला सांगितलं होतं, तेसुद्धा त्यांनी माझ्या शब्दापुढं पुसून टाकलं होतं. माझं खोटं त्यांनी खरं करून घेतलं होतं.

पडवीत आम्ही दोघंच होतो. ऐकायला कुणी नव्हतं, लाजायला कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, 'जाऊ द्या वहिनी. झालं ते झालं. मी कधी मनात ठेवलं नाही.'

त्यांना मी माफ केलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले, आत गेल्या आणि मला घरी न्यायला इंद्रायणी तांदळाची पिशवी बांधून दिली. मी ती घेतली, गाडीला अडकवली आणि भोरला आलो. तो तांदूळ आम्ही खाल्ला.

वहिनींना वाचता येत नाही. हे लिहायला बसलो तेव्हा मला ते माहीत होतं.